पंचवीस किलोचे पाय

घानातल्या आमच्या ओडुमक्रोम गावात कुणी गेलं की आधी रडारड होते, मग मोठी माणसं बसून शनिवार ठरवतात, आणि शनिवार ठरला की कुणीतरी विचारतंच, "बादूला सांगितलं का?" शवपेटी, मंडप, खुर्च्या, कर्णे यांचं नंतर बघता येतं. बादू एकदा दुसऱ्या गावच्या मयताला बांधला गेला की मात्र संपलं. मग लंडन आणि हॅम्बुर्गच्या नातेवाइकांना काय पाठवणार? आणि त्यांना काही पाठवायचं नसेल तर एवढा थाट केला कशाला, असं निदान अर्ध्या गावाला तरी प्रामाणिकपणे वाटतं.

बादूचं वय एकेचाळीस. आईचं दहावं अपत्य. दहाव्याला आमच्यात बादूच म्हणतात, त्यामुळे त्याचं नाव ठेवताना कुणाला फार डोकं चालवावं लागलं नव्हतं. अंगाने किरकोळ, आवाज त्याहून किरकोळ. कॅमेरा मात्र जुन्या पद्धतीचा, दिवा आणि बॅटरी लावली की सहा किलो भरणारा. त्याच्यामागे बादू उभा राहिला की दिसेनासाच व्हायचा, आणि ते त्याला आवडायचं. गेली वीस वर्षं तो गावातल्या प्रत्येक शोकाला हजर होता आणि एकाही चित्रीकरणात नव्हता.

कॅमेरा आणि विद्या, दोन्ही त्याला अंपोन्सा मामांकडून मिळालेली. हे त्याच्या आईचे धाकटे भाऊ. आमच्यात माणूस बापाच्या घरी वाढतो, पण असतो मामाचा. बाप खाऊपिऊ घालतो आणि मामा जबाबदार असतो. भाच्याने काही उपद्व्याप केला तर लोक बापाकडे बघतसुद्धा नाहीत, सरळ मामाचं दार ठोठावतात. अंपोन्सा मामांनी चाळीस वर्षं मयतांचं चित्रीकरण केलं ते एका लाकडी ट्रायपॉडवर. ट्रायपॉडला आमच्याकडे सगळे 'पाय'च म्हणतात. ते लांबलचक लाकडी पाय खांद्यावर टाकून मामा मंडपात शिरले की परगावचा एखादा पाहुणा हमखास म्हणायचा, "अरे, सुतार आत्ता आला? पेटी अजून तयार नाही की काय?"

"त्यांची झाली," मामा म्हणायचे. "तुमचं माप घ्यायला आलोय."

मंडप खदखदायचा. मागून बॅटरीची पिशवी घेऊन चालणारा तरुण बादू मात्र हसायचा नाही. त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. मयताच्या ठिकाणी ही इच्छा तशी सोयीची, पण त्याची ती कुणी पुरी केली नाही.

पुढे मामांचे ते पाय वाळवीने खाल्ले आणि मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. कशाचं दुःख मोठं होतं हे मामांनी कधी सांगितलं नाही. शस्त्रक्रिया फसली आणि त्यांना उजेड आणि सावली एवढंच उरलं. बादूने एक हलके पाय घेतले, ते डुगडुगायला लागल्यावर टायरच्या ट्यूबने बांधले, ट्यूब तुटल्यावर दुसरी बांधली, आणि अशी पाचेक वर्षं काढली. मग यंदा एनो अचिआ गेली. वय वर्षं एक्याण्णव. आमचे राजे, नाना ओबेंग अक्रासी, लहान असताना या बाईच्या पाठीवर बांधलेले असायचे. म्हणजे मयताला नाना स्वतः येणार. ट्यूबने बांधलेल्या पायांवर राजाला उभं करायचं कसं? बादूने ठरवलं, आता जड कामाचे पाय घ्यायचे. आणि निवडायला मामांना बरोबर नेलं. डोळे नसले तरी हात होते.

मादाम यिआदोम यांचं दुकान कुमासी शहरात, अदुम पेठेच्या उतारावर. युरोपात जे जे म्हातारं होतं ते कंटेनरमधून त्यांच्याकडे येतं. भाजलेल्या केळ्याबरोबर शेंगदाणे खात त्या म्हणाल्या, "जड कामाचे दोनच आहेत. किंमत दोघांची एकच. घासाघीसही एकच, म्हणजे नाही."

पहिले पाय काळे कुळकुळीत. सांध्यांना लाल कड्या, न्यायला चाकांची पिशवी, आणि कॅमेरा धरणाऱ्या मानेवर, ती किती ओझं पेलते ते सोनेरी अक्षरांत लिहिलेलं: पंचवीस किलो. दुसरे पाय लाकडी. कुठल्याशा परदेशी टीव्ही केंद्रातून निवृत्त झालेले, रंग उडालेले, एका पायाचं रबर गायब. वर लोखंडाचं डोकं, त्याच्या आत तेल. सगळं मिळून वजन चौदा किलो.

मामांनी दोघांना हात लावून पाहिला. स्थळ बघायला आलेल्या माणसासारखे ते सावकाश सगळीकडून फिरले.

"बादू, त्या लाकड्याची मान खाली घाल आणि सोडून दे."

बादूने सोडली. जिथे सोडली तिथेच राहिली.

"आता त्या दुसऱ्याची."

तीही राहिली. "राहिली की, मामा!" बादू म्हणाला. खरं तर 'मामा' हा शब्द त्याने जरा तोंडातल्या तोंडातच म्हटला.

"राहील ना. डोक्यावर ओझं नाही, वर सावली आहे. अशा वेळी माझीसुद्धा मान ताठ असते." मामांनी काळ्या पायांच्या मानेला कान लावला. "लॉक फिरव बरं. हां. अजून एकदा." ते उभे राहिले. "आत प्लास्टिक बोलतंय. लाकड्याच्यात कुणी बोलत नाही. लाकडी घे."

बादूच्या डोळ्यांपुढे शनिवारचा मंडप उभा राहिला. लाल-काळ्या वस्त्रांतली चारशे माणसं, परदेशचे पाहुणे, राजेसाहेब. आणि त्यातून लाकडं खांद्यावर टाकून चाललेला बादू. सुतार आला, सुतार.

"ते लाकूड कोण नेणार हो?" तो मादामना म्हणाला. "आता कोण वापरतं असलं?"

"म्हाताऱ्याला कळतं बरं का यातलं," मादाम म्हणाल्या. शेंगदाण्याचं एक साल ओठावर तसंच होतं. "कोण रे हे तुझे?"

"ओळखीचे आहेत," बादू म्हणाला. "कुमासीला काम होतं त्यांचं. आले बरोबर."

हे तो का बोलला? त्याचं त्याला कळलं नाही. बाईने विचारलं आणि तोंडातून गेलं. मामांचा हात त्या वेळी लाकडी पायांच्या मानेवर होता. त्यांनी ती मान हळूच डावीकडून उजवीकडे फिरवली. जराही आवाज झाला नाही.

"हो," ते म्हणाले. "थोडं काम होतं."

परतीच्या ट्रोट्रो गाडीत काळे पाय बादूच्या मांडीवर होते आणि मामा शेजारी. तासाभराच्या रस्त्यात मामा एकच वाक्य बोलले. "चाकं छान फिरतात रे याची."

शनिवारी सगळं अगदी बादूच्या मनासारखं झालं. त्याने चाकांची पिशवी मंडपाच्या मधोमध फिरवत नेली. काळे पाय उघडताना लाल कड्या खटाखट वाजल्या. लोक वळून बघायला लागले. हॅम्बुर्गहून आलेला एक जावई म्हणाला, "वा! आमच्याकडे असले असतात." त्या एका वाक्यावर बादू एक इंच उंच झाला. मामा चौथ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीत थंड बाटली घेऊन बसले होते. बादूने तिकडे बघितलं नाही असं नाही. बघितलं, आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

ऊन चढलं. दुपारी नाना आले. मोठ्या छत्रीखाली, ढोलांच्या तालावर. एनो अचिआच्या फोटोपुढे थोडा वेळ उभे राहिले आणि मग ज्याची कुणी कल्पना केली नव्हती ते घडलं. नाना नाचायला लागले. अकरा वर्षं नाना नाचले नव्हते. एनोची मुलगी पोकुआ तोंडात पदर धरून रडायला लागली. ढोलवाल्यांनी जीव तोडला.

आमच्यात चांगलं नाचणाऱ्याच्या डोक्यावर जाऊन दोन बोटं उभी धरतात. त्याचा अर्थ, आम्ही पाठीशी आहोत. राजे नाचत असतील तर कुणी बसून राहत नाही, आणि ज्याचे हात मोकळे नाहीत तो ते मोकळे करतो. आधीच्या वीस वर्षांत बादू कधी पुढे गेला नव्हता. आधी हातात बॅटरीची पिशवी, मग ट्यूबने बांधलेले पाय, सोडून जाणार कुठे? पण आज त्याने लॉक घट्ट फिरवलं, मानेवरच्या सोनेरी पंचवीस किलोंकडे एकदा बघितलं, आणि गेला. गर्दीत शिरला. राजांच्या डोक्यावर दोन बोटं धरून उभा राहिला. सगळ्यांना दिसला.

मागे त्याचा कॅमेरा नानांकडे बघत होता. मग नानांच्या कमरेकडे बघायला लागला. मग गुडघ्यांकडे. पंचवीस किलो ही मान झेलते हे लिहिलं होतं, उन्हात झेलते की नाही हे लिहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी बादूने घरी बसून चित्रीकरण बघितलं आणि त्याच्या हातातला ब्रेडचा तुकडा हातातच राहिला. राजांच्या नाचाची सात मिनिटं होती. सातही मिनिटं जमीन होती. धूळ, दोराची एक गाठ, बाटलीचं झाकण आणि नानांच्या सोन्याने मढवलेल्या मोठ्या चपला. चौथ्या मिनिटाला डावी चप्पल सटकली. नानांचा तळवा जमिनीवर टेकला. क्षणभरच. लगेच चपला सांभाळणाऱ्याचा हात आला आणि तळवा चपलेत गेला. चारशे माणसं नानांच्या हातांकडे आणि चेहऱ्याकडे बघत होती. पायांकडे एकच जण बघत होता, आणि तो पंचवीस किलोंच्या लेबलाखाली मान घालून होता.

राजाचा तळवा उघड्या जमिनीला लागता कामा नये. राजाला आसनावरून उतरवायचं असलं की आधी त्याच्या चपला काढून तळवा जमिनीला टेकवतात, इतकं ते मोठं आहे. चुकून लागलाच तर मेंढा कापून शांत करता येतं, पण आसनावर डोळा ठेवून बसलेलं एक घराणं गावात आहे, आणि त्यांच्या हातात हा तुकडा पडला तर एका मेंढ्यावर भागलं नसतं.

तो तुकडा बादूने एका कार्डावर घेतला, बाकी सगळीकडून पुसला आणि कार्ड तांदळाच्या डब्यात घातलं. एवढ्यात दार वाजलं. पोकुआ.

"दाखव," ती म्हणाली. "बाकी काही नको, नुसता नानांचा नाच दाखव. मी रात्रभर झोपले नाहीये."

"नाच… म्हणजे पोकुआताई, तेवढा नाही आला."

"नाही आला म्हणजे? बस होती का ती, चुकायला?"

"खराबी झाली."

"कसली? अकरा वर्षांनी माणूस नाचला. माझ्या आईसाठी! आणि तुझ्या त्या घोड्याएवढ्या पायांवर कॅमेरा काय झोपला होता?"

पाय बिघडले, एवढंच सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, ते निवडले कुणी? अंपोन्साने सांगितलं नव्हतं का तुला? आणि सारं गाव हसलं असतं. बादूच्या किरकोळ आवाजात शब्द बाहेर आले, "मामा जवळ होते. त्यांना दिसत नाही… त्यांचा हात लागला असेल."

पोकुआने त्याच्याकडे बघितलं. मग ती निघून गेली. तिची पावलं मामांच्या घराच्या दिशेने नव्हती, राजवाड्याच्या दिशेने होती. बादूला जरा बरं वाटलं. एवढं बरं वाटल्याचं पुढे त्याला सगळ्यात जास्त बोचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो फुफूचा चिकट गोळा आणि बकऱ्याचा रस्सा घेऊन मामांकडे गेला. येताना वाक्य जुळवून आणलं होतं: मामा, एक छोटीशी गंमत झाली. घर बंद होतं. शेजारची म्हातारी म्हणाली, "तो? कॅमेऱ्याला हात लागल्याचं गावभर झालंय ना, त्याची माफी मागायला श्नॅप्स दारूची बाटली घेऊन राजवाड्यावर गेलाय. स्वतःच. भिंत धरत धरत गेला बापडा. तुला नाही माहीत?"

बादू धावला. राजवाड्याच्या अंगणात खांबाआड पोचला तेव्हा मामा मध्ये उभे होते. चपला काढलेल्या, वस्त्र खांद्यावरून खाली घेतलेलं, राजापुढे उभं राहायचं तसं. छातीच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. नाना वर बसले होते, एका बाजूला पोकुआ, आणि मध्ये हातात सोनेरी मुठीचा दंड घेतलेले ओक्येआमे फ्रिम्पोंग. ओक्येआमे म्हणजे राजांचं तोंड. नाना हलक्या आवाजात बोलतात, ते मोठ्याने सांगतात, आणि नानांशी जे बोलायचं तेही त्यांच्याकडूनच जातं.

"अंपोन्सा," ओक्येआमे म्हणाले, "दिसत नाही तर कॅमेऱ्याला हात लावायचा कशाला?"

"सवय," मामा म्हणाले. "चाळीस वर्षांची सवय, ओक्येआमे. हात आपोआप गेला. माझीच चूक. भाच्याचा काही दोष नाही, नानांना सांगा."

"आता घरी बसा. हातांना दुसरी सवय लावा."

बसलेल्यांतले दोघेतिघे हसले. मामाही त्यांच्याबरोबर हसले.

खांबाआडून पुढे येण्यासाठी बादूला सात पावलं टाकायची होती. त्याने ती मोजली सुद्धा. एकही टाकलं नाही. पोकुआ रडत बाहेर गेली, बाटली आत गेली, मामांनी वस्त्र खांद्यावर घेतलं, चाचपडत चपला शोधल्या आणि बाहेर निघाले. दारापाशी त्यांचा हात हवेत भिंत शोधायला लागला, तेव्हा बादूने तो धरला.

"कोण, बादू?" मामांनी बोटांवरून ओळखलं. "बरं झालं आलास. ऊन फार आहे."

दोघं चालायला लागले. बादूचं ते जुळवून आणलेलं वाक्य आता डब्यातल्या फुफूपेक्षाही चिकट झालं होतं.

"शनिवारी मी ऐकत होतो," मामा म्हणाले. "दिसत नसलं की माणूस ऐकतो. नानांच्या चपलेचा आवाज जड येतो. दणदण. मध्येच एकदा उघड्या तळव्याचा आला. थप. एकदाच. आणि त्या वेळी तुझी बोटं नानांच्या डोक्यावर होती, हे शेजारचा मला कौतुकाने सांगत होता. म्हणजे कॅमेरा एकटा होता आणि उन्हात होता. तो कुठे बघत असेल याचा अंदाज मला आला."

"मामा—"

"तू सांगू नकोस. मी विचारलेलं नाही. लोकांनीही विचारू नये म्हणून गेलो होतो. डोळसाने केलेल्या चित्रीकरणात लोक शोधतात. आंधळ्याने बिघडवलं म्हटलं की हसतात आणि घरी जातात." त्यांनी बादूचा हात जरा दाबला. "हात माझाच लागला, हे तुला बरं सुचलं. मला एवढ्या झटकन सुचलं नसतं."

यात टोमणा असता तर बादू सुटला असता. मामांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की भाच्याने विचार करून, राजाला वाचवण्यासाठी, मामावर ढकललं. फुफूचा डबा दोघांमध्ये हलत राहिला. घरी पोचल्यावर मामांनी फुफू खाल्लं आणि रस्सा छान झाल्याचं सांगितलं.

रस्त्यात कुणी शिवी दिली तर माणूस तिला उत्तर देऊ शकतो. पण आपल्याबद्दल कुणी चांगलं समजून बसला असेल आणि ते खोटं असेल, तर काय करायचं? बादूने दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने तांदळाच्या डब्यातून कार्ड काढलं, काळे पाय चाकांच्या पिशवीतून बाहेर काढले, पिशवी घरीच ठेवली आणि पाय खांद्यावर टाकून राजवाड्यावर गेला. अंगणात नाना आणि ओक्येआमे दोघंच होते. बादूने चपला काढल्या, वस्त्र खांद्यावरून उतरवलं आणि पाय मधोमध ठेवले.

"काय आहे हे?" ओक्येआमेंनी विचारलं.

"माझी चूक आहे. नानांना सांगा, मामांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. मामा चौथ्या रांगेत थंड पीत बसले होते. त्यांनी लाकडी पाय घे म्हटलं होतं. मी हे घेतले, कारण ते चकचकीत होते. मग मी कॅमेरा सोडून पुढे आलो, कारण…" इथे आवाज गेला. "कारण मला लोकांना दिसायचं होतं. याने उन्हात मान टाकली. आणि मी मामांचं नाव सांगितलं."

ओक्येआमेंनी सगळं वळून नानांना सांगितलं. नानांनी ते आधीच ऐकलेलं होतं, पण रीत ती रीत. नाना काहीतरी पुटपुटले.

"नाना विचारतात, कॅमेऱ्याने काय बघितलं?"

"जमीन, ओक्येआमे. सात मिनिटं जमीन. ती या कार्डात आहे. दुसरीकडे कुठे नाही."

अंगणात एक कोंबडी फिरत होती. तिच्या पायांचा आवाज येत होता. ओक्येआमेंनी कार्ड घेतलं, नानांकडे बघितलं, आणि ते आपल्या वस्त्राच्या घडीत कुठेतरी गेलं. नाना बराच वेळ त्या काळ्या पायांकडे बघत होते. मग त्यांच्या पोटातून हसू आलं आणि ते ओक्येआमेंकडे झुकले.

"नाना म्हणतात, आमच्यापुढे आपणहून मान खाली घालणारं यंत्र आम्ही पहिल्यांदाच बघतोय. याला रीत कळते. ज्याच्या हातात ते आहे त्याला कळते का, ते माहीत नाही."

बादूने मान आणखी खाली घातली.

"नाना म्हणतात, चाळीसाव्या दिवशी एनोसाठी ते पुन्हा नाचतील. चपला बांधून घेतील. तू चित्रीकरण करशील. पोकुआला खरं काय ते तू स्वतः जाऊन सांगशील, आणि अंपोन्सालाही." ओक्येआमे थांबले, पुन्हा झुकले, पुन्हा सरळ झाले. "आणि नाना विचारतात, तू कुणाचा?"

साऱ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट नाना विचारत होते.

"अंपोन्सांचा भाचा," तो म्हणाला. हे ओक्येआमेंनी वळून सांगितलं नाही.

पोकुआला सांगितलं तेव्हा ती अंगणात भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला वाटलंच. म्हातारा लाकडाचा आहे, भाचा प्लास्टिकचा." मामांना सांगायला मात्र त्याला पूर्ण संध्याकाळ लागली. दुकानातलंही सांगितलं. 'ओळखीचे आहेत' इथे आला तेव्हा मामांनी हात वर करून थांबवलं.

"ते मी तिथेच होतो, ऐकलंय. ते पुन्हा नको." आणि मग थोड्या वेळाने, "म्हणजे हात लागला म्हणालास ते नानांच्या भल्यासाठी नव्हतं तर?"

"नव्हतं, मामा."

"बरं," मामा म्हणाले. त्यांनी चेहरा उजेडाकडे केला. त्या 'बरं'चा आवाज बादू अजून विसरलेला नाही. काही गोष्टी कबूल केल्या की हलकं वाटतं म्हणतात, ते सांगणाऱ्याला. ऐकणाऱ्याचं कुणी विचारलेलं दिसत नाही.

सोमवारी दोघं पुन्हा कुमासीला गेले. लाकडी पाय जागचे हलले नव्हते. मादाम यिआदोमनी काळे परत घेतले. "हे जेवायच्या आत विकले जातील," त्या म्हणाल्या. मग मामांकडे बोट दाखवून, "तुझ्या ओळखीचे आजही आलेत. आजही काम आहे वाटतं यांचं कुमासीत?"

"मामा आहेत माझे," बादू म्हणाला. जरा मोठ्यानेच म्हणाला. रस्त्यावरची एक बाई वळून बघायला लागली.

"मला माहीत होतं," मादाम शेंगदाणे सोलत म्हणाल्या. "नाक एकच आहे दोघांचं. त्या दिवशी तू बोललास तेव्हा मी तुझं नाकच बघत होते."

मामा मोठ्याने हसले. बादूला हसता आलं नाही. त्याने चौदा किलो लाकूड खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने मामांचा हात धरला.

चाळीसाव्या दिवशी मंडपात शिरताना परगावच्या एकाने म्हटलंच, "अरे, सुतार आज कशाला? पेटी तर कधीच गेली."

मागून मामा म्हणाले, "पुढच्याचं माप घ्यायला. उभे राहा जरा सरळ."

नाना नाचले. चपला पट्ट्यांनी घट्ट बांधल्या होत्या. सगळा गाव बोटं उभारून पुढे धावला. बादू कॅमेऱ्यामागून हलला नाही. ही मान जिथे ठेवली तिथेच राहिली असती हे त्याला माहीत होतं, तरी हलला नाही. आणि एवढ्यात मामा खुर्चीतून उठले, ढोलांच्या आवाजाच्या दिशेने चार पावलं चालत आले आणि नेमके कॅमेऱ्यापुढे येऊन उभे राहिले. दोन्ही हात वर. दोन बोटं या हाताची, दोन त्या हाताची.

"मामा, जरा डावीकडे…" बादू म्हणणार होता. म्हणाला नाही.

पोकुआला चित्रीकरण दाखवलं तेव्हा ती सात मिनिटं डोळे पुसत बघत राहिली. नाना अगदी स्वच्छ आले होते, डोक्यापासून चपलेपर्यंत. फक्त कोपऱ्यात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, चार सुरकुतलेली बोटं होती.

"ही कुणाची?" तिने विचारलं. "या वेळी तरी खरं सांग. म्हाताऱ्याचा हात आला ना मध्ये?"

"आला," बादू म्हणाला.

"काढता नाही येणार?"

"येईल. पण नाही काढणार." त्याने पडद्यावर डावीकडच्या दोन बोटांना बोट लावलं. "ही मामांची. त्या शेजारची दोन त्यांनी माझ्या वाट्याची धरलीत."